नानांच्या पागेतले मूठभर हरभरे

पागेतल्या किश्श्यांचं लिदीसारखं असतं. सकाळी टोपलंभर काढून टाकावी, तर दुपारी पुन्हा तेवढीच! मी तर पागेतला पगारी माणूसही नव्हतो. जळगावात गुरांच्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होतो. ड्यूटीआधी रोज सकाळी सायकल मारत मेहरूण तलावाच्या बाजूला नानांच्या पागेत जायचो, घोडीच्या पायाला पट्टी बांधायचो, चहा प्यायचो आणि एखादा किस्सा घेऊन निघायचो. दवाखान्यात पोहोचेपर्यंत हसू आवरायचं नाही.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. स्टेशनबाहेर रिक्षांची रांग लागायला लागली होती आणि टांगे एकेक करून गायब होत होते. नानांच्या वडिलांचे आठ टांगे होते म्हणे. नानांनी सगळे मोडीत काढले, केळीची शेती धरली, पण एक टांगा आणि एक घोडी ठेवली. कमाईसाठी नाही, शर्यतीसाठी! जामनेर, पारोळा, जिथं जत्रेत टांग्यांची शर्यत असेल तिथं नाना हजर. घोडीचं नाव चंपा. तिचं खाणं, खरारा, मालिश, फिरवणं सगळं बघायचे तिचे मोतद्दार युसुफचाचा. बावीस वर्षं नानांकडे होते आणि खानदेशी आमच्यापेक्षा अस्सल बोलायचे.

नाना तंबाखू खात नसत, पत्ते खेळत नसत. त्यांना एकच व्यसन होतं, संशय. आणि या व्यसनाची लागण होते बरं का! मी आजही दूध आलं की आधी वास घेतो. बायको म्हणते, "तुमचे नाना गेले, पण नाक ठेवून गेले!"

*

पागेचा पहिला नियम होता, "पहिले तू खाय!"

कोणीतरी घोडीला काहीतरी खाऊ घालेल, ही नानांची कायमची धास्ती. म्हणून चंपाच्या तोंडाला हरभऱ्याचा तोबरा बांधण्याआधी चाचांनी त्यातले मूठभर भिजवलेले हरभरे नानांच्या समोर खाऊन दाखवायचे. सकाळी एक मूठ, संध्याकाळी एक मूठ, बावीस वर्षं! चंपाला तर शिंगरू असल्यापासून हे बघायची इतकी सवय, की चाचांनी घास गिळल्याशिवाय ती तोबऱ्यात तोंड घालायची नाही. मालकाची घोडी शोभायची अगदी.

चाचा कधी कुरकुरले नाहीत. एकदाच म्हणाले, "नाना, इतला हरभरा खादा मी, एक दिन टांगाले मालेच जुपी द्या!"

मी नवीन होतो तेव्हा चंपाच्या खुराला खिळा लागला. मी धनुर्वाताचं इंजेक्शन भरून आणलं. नाना आडवे उभे राहिले.

"पहिले तुले टोच."

मी म्हटलं, "अहो नाना, हा घोडीचा डोस आहे. माणसाला दिला तर काय होईल सांगता येत नाही!"

नाना माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "आन् तू ते मनी घोडीले दी ऱ्हायना?"

*

नानांना वरचा-खालचा एकही दात नव्हता. कवळी मात्र होती. तिची पण एक गंमत आहे.

दातांच्या डॉक्टरनं माप घेऊन कवळी बनवली. ती थोडी टोचायला लागली. नाना दुसऱ्या दिवशी दवाखान्यात हजर. "ह्या दात मना नही शेतस! दुसराना शेतस!" डॉक्टर बिचारा हसला, कवळी आत नेली, जरा घासली आणि आणून दिली. आता ती छान बसली. नानांनी दोनदा जबडा हलवून पाहिला आणि त्यांचा चेहरा आणखीच पडला.

"आते कशी बसनी? आत जाईसन बदली दिधी ना?"

ती कवळी त्यांनी घरी आणून ट्रंकेत ठेवली आणि ट्रंकेला कुलूप लावलं. तोंडात काही ती परत गेली नाही. नाना कायम वरणात कुस्करलेल्या भाकरीवर राहिले.

*

शर्यतीआधी घोडीचं अंग कोणाला दिसू नये म्हणून नाना तिला तलावाकाठी फिरवायला न्यायचे ते पाठीवर गोधडी घालून. गोधडी लाल, तिला निळी झालर. नानांच्या बायकोची होती. गोधडी बघून लोक काय समजायचे ते समजून घ्या! एक दिवस दोन गृहस्थ फाटकावर आले, नवरदेवासाठी घोडी ठरवायची होती.

नानांनी त्यांना आत घेतलं नाही. फाटकातूनच चौकशी.

"नवरदेव कोठला शे?"

"जामनेरचा."

"आन् नवरी?"

"पारोळ्याची."

फाटक धाडकन बंद! का ते पुढं सांगतो. ते गृहस्थ बिचारे बाहेरून म्हणाले, "आबा, निदान लग्नाला तरी या," आणि पत्रिका फटीतून आत सरकवून गेले. युसुफचाचा ती उचलून वाचायला लागले तसे नाना ओरडले, "वाचू नको! आधी कोना छापखाना शे ते देख!"

*

जत्रेत शर्यतीसाठी नाव नोंदवावं लागतं. नाना दर वेळी घोडीचं खोटं नाव द्यायचे, म्हणजे कोणाला आधीपासून कळायला नको. एका जत्रेत त्यांनी 'मालन' लिहून दिलं.

दुपारी भोंग्यावर पुकारा सुरू झाला. "मालन, जळगाव! मालन, जळगाव!" दोनदा, तीनदा, चारदा. कोणी पुढं येईना. नाना आमच्याशेजारी उभे राहून वैतागले. "कसा मालक शे रे हाऊ? नाव देस आन् झोपी जास!" आम्हीही हसलो. भोंगेवाला शेवटचं ओरडला आणि टांगे सुटले. धुरळा पार लांब गेला तेव्हा युसुफचाचांनी हळूच विचारलं, "नाना, मालन म्हन्जे आपलीच ना?"

परतीच्या वाटेवर नाना जळगाव येईपर्यंत बोलले नाहीत. मग म्हणाले, "भोंगावाला फुटेल शे."

*

आता पारोळ्याचे आप्पा. यांच्यापायीच तर फाटक बंद झालं होतं.

आप्पांकडे एक उंच पांढरा घोडा होता. आमच्याकडच्या शर्यतीत दोन फेऱ्या असतात. कुठल्या फेरीत उतरायचं ते मालकानं ऐन वेळी सांगायचं, आणि प्रत्येक फेरीला बक्षिसाची एक ढाल. चंपा भरात असली की आप्पा हमखास तिची फेरी सोडून दुसऱ्या फेरीत नाव घालायचे. तिच्या वाटेलाच जायचे नाहीत. आणि घोडी जरा उतरलेली असली, की आप्पा हसत हसत बरोबर तिच्या शेजारी येऊन उभे! चार जत्रा हेच झालं. चार ढाली पारोळ्याला गेल्या.

म्हणजे घोडीची तब्येत आप्पांना आधी कळत होती. पागेत नाना, चाचा आणि मी. शिवाय कडबा आणणारा एक गाडीवान आणि दर शनिवारी येणारी लिंबूवाली अक्का. अक्कावर नानांचा संशय नव्हता. ती तर दृष्ट काढणारी! एरवी नाना तिच्याकडून एक लिंबू-मिरची घ्यायचे. चंपा अंगानं भरली, तुकतुकीत दिसायला लागली, की त्यांना दृष्टीची धास्ती वाटायची आणि मग अकरा घ्यायचे. दारावर, खुंट्यावर, टांग्याच्या दोन्ही दांड्यांवर, पाण्याच्या हौदावरसुद्धा.

फितूर शोधायला नानांनी सापळा लावला. प्रत्येकाला वेगळी थाप मारायची आणि कुठली थाप पारोळ्याला पोहोचते ते बघायचं. मला सांगितलं, घोडीचा मागचा पाय सुजलाय. चाचांना सांगितलं, पोट धरलंय. गाडीवानाला सांगितलं, खोकला झालाय.

आठवडा गेला. एका सकाळी नाना घाबरेघुबरे होऊन माझ्या दवाखान्यात आले. "कंपाउंडर, चाल लवकर! घोडीना मांगला पाय सुजेल शे!"

मी म्हटलं, "नाना, पाय ठणठणीत आहे. ती थाप तुम्हीच मला मारली होती."

नाना थबकले. डोळे बारीक करून म्हणाले, "थाप शे म्हनीसन तुले कोनी सांगं?"

*

पुढचा किस्सा मी सहसा सांगत नाही. पण तो गाळला तर बाकीचे लंगडे पडतात.

एका दुपारी बसस्टँडजवळच्या टपरीवर मला युसुफचाचा दिसले. त्यांच्यासमोर आप्पांचा टांगा हाकणारा करीम. दोघं डोकी जवळ आणून बोलत होते. मला बघून चाचा गप्प झाले. एवढंच. पण पागेचं पाणी मलाही लागलं होतं. मी दुसऱ्या दिवशी नानांना सांगून टाकलं. कोणी विचारलं नव्हतं, मीच सांगितलं.

 चाचा हरभरे घेऊन आले तेव्हा नाना फक्त म्हणाले, "युसुफ, उद्यापाईन येवू नको."

चाचांनी कारण विचारलं नाही. नानांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तोबऱ्यात हात घातला, मूठभर हरभरे काढले, सावकाश चावून खाल्ले. चंपाला तोबरा बांधला. खरारा खिळ्याला अडकवला, चपला घातल्या आणि गेले.

नोकरीवरून काढलेला माणूस, तरी शेवटचा घास खाऊन दाखवून गेला! मला त्या दिवशी चहा गोड लागला नाही.

महिन्याभरानं कळलं, करीमच्या पुतण्यासाठी चाचांची मुलगी बघायचं चाललं होतं. लग्नाची बोलणी पक्की होईपर्यंत कोणाला सांगू नये, म्हणून चाचा मला बघून गप्प झाले होते. मला अजूनही लाज वाटते.

*

चाचा गेले त्या संध्याकाळपासून चंपानं तोबऱ्यात तोंड घालणं बंद केलं.

नवा मोतद्दार ठेवला. त्यानं बिचाऱ्यानं बकाबका हरभरे खाल्ले. चंपानं मान फिरवली. मी खाल्ले. माझ्या अंगाला औषधांचा वास, माझ्याकडे तर तिनं पाहिलंही नाही. रोज चारदा आम्ही दोघं आळीपाळीनं हरभरे खायचो. आठवड्यात माझं पोट बिघडलं आणि घोडी थोडा हिरवा घास कुरतडून दिवस काढत राहिली. तिच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या.

मी नानांना म्हटलं, "नाना, तुम्ही खाऊन बघा एकदा."

नाना म्हणाले, "आन् मना पहिले कोन खाई?"



जामनेरच्या जत्रेला नानांनी हट्टानं घोडी नेली. आदल्या शनिवारी अक्काकडून एकच लिंबू घेतलं होतं. अशा घोडीला कोणाची दृष्ट लागणार? आणि आप्पा बरोबर चंपाच्या शेजारी येऊन उभे. पाचवी ढाल पारोळ्याला!

नाना टांग्याच्या चाकाला टेकून बसले. चाचा तर महिनाभर पागेत नव्हते. मग आप्पांना कळलं कसं? नानांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघायला लागले. ते बघणं फार वाईट होतं. चाचांना त्या दिवशी काय वाटलं असेल ते मला तेव्हा कळलं.

*

पुढल्याच आठवड्यात जनावरांना लस टोचायच्या कॅम्पसाठी मला पारोळ्याला पाठवलं. बाजाराचा दिवस होता. उन्हं चढली तशी मी उसाचा रस प्यायला थांबलो. बाजूलाच गोणपाट टाकून बसली होती आमची लिंबूवाली अक्का! शनिवारी जळगावला, बाजाराच्या दिवशी इथं.

तेवढ्यात खुद्द आप्पा आले. एक लिंबू-मिरची उचलली आणि भाव विचारावा तितक्या सहज विचारलं, "अक्का, मेहरूणले किती गयात?"

"एकच, आप्पा."

"एकच?" आप्पा हसले. "म्हन्जे घोडी अजून उठनी नही."

मी रसाचा ग्लास अर्धाच ठेवून उठलो.

तिथून मी मिळेल त्या एस.टी.नं थेट पागेत. नानांना सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग उठले आणि दारावरचं लिंबू काढलं. अक्काला शिव्या घातल्या नाहीत. आप्पांना घातल्या नाहीत. फक्त एवढंच म्हणाले, "युसुफ कोठे ऱ्हास आते?"

*

युसुफचाचा एका बँडवाल्याकडे वरातीच्या घोडीबरोबर चालायचे. आम्ही त्यांना गाठलं तेव्हा भर दुपारी वरात निघालेली. पुढं बँड, मध्ये घोडीवर नवरदेव, लगाम चाचांच्या हातात. नाना गर्दीत घुसले आणि चाचांच्या बाजूनं चालायला लागले.

बोलायचं होतं, पण ट्रम्पेटपुढं कोणाचं काय ऐकू येणार! नाना तसेच चालत राहिले. वरातीतल्या कोणीतरी त्यांना नवरदेवाचा मामा समजून कपाळाला गंध लावलं. दुसऱ्यानं हातात नारळ दिला. तिसऱ्यानं त्यांना नाचायला ओढलं. एरवी अनोळखी माणसाच्या हातचं पाणी न पिणारे नाना, गंध लावून, नारळ धरून, मुकाट चालत होते.

मांडवापाशी बँड थांबला.

नाना म्हणाले, "चंपा खात नही."

चाचा घोडीची मान थोपटत म्हणाले, "माले म्हाईत शे."

"लिंबूवाली सांगे आप्पाले."

चाचांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मी खाली बघितलं. 

"उद्या सकाळे ये," नाना म्हणाले. हुकूम सोडल्यासारखं म्हणायला गेले, पण ते विनवणीसारखं निघालं.

चाचा म्हणाले, "आधी नवरदेवले तर उतरू द्या, नाना!"

*

पुढं काय झालं ते लोक मधेच विचारतात, म्हणून आधीच सांगून टाकतो. चंपा पुढच्या जत्रेत जिंकली. त्या शनिवारी नानांनी एकही लिंबू घेतलं नव्हतं, आणि आप्पा हसत हसत तिच्या शेजारी येऊन उभे राहिले होते. ढाल अजून नानांच्या घरी आहे. पण माझ्या डोळ्यांसमोर येते ती त्या आधीची सकाळ. वरातीच्या दुसऱ्या दिवसाची.

चाचा आले. चपला काढल्या. चंपानं पावलं ओळखली आणि खुंट्याभोवती नाचायलाच लागली. चाचांनी जणू कालच गेले होते अशा थाटात हरभरे निथळले, तोबऱ्यात भरले आणि रिवाजाप्रमाणे मूठ भरून घेतली. तोंडाकडे नेली.

नानांनी त्यांचं मनगट धरलं.

मला वाटलं, झालं! परत संशय आला!

नानांनी चाचांची मूठ उघडली. त्यातले हरभरे आपल्या हातावर घेतले. वास घेतला नाही. निवडले नाहीत. सगळेच्या सगळे तोंडात टाकले.

दात एकही नाही. कच्चे भिजवलेले हरभरे. नाना ते या गालातून त्या गालात नेत होते, हिरड्यांवर दाबत होते, डोळ्यांत पाणी आलं होतं. चाचा तोबरा धरून उभे. मी पट्टी धरून उभा. चंपा कान टवकारून नानांच्या तोंडाकडे एकटक बघत होती. पाच मिनिटं झाली असतील. दहाही झाली असतील. कोणी हसलं नाही.

शेवटी युसुफचाचाच म्हणाले, "नाना, आते गिळा ना! घोडी भुकी शे."